चटणीचं पार्सल आणि फोनवरचं पावणं

ताईला आठवा महिना लागला होता आणि नागपुरात बसून तिला आईच्या हातच्या चटणीचे डोहाळे लागले होते. आईनं डंकावरून ताजी कांदा-लसूण चटणी कुटून आणली आणि कुरिअरनं पाठवली. पत्ता मात्र आमच्या कोल्हापुरी गल्लीच्या रीतीनं लिहिला: "देवळामागं, पिवळी बिल्डिंग." आमच्याकडं घर नंबर कुणी लिहीत नाही. तालमीचं नाव टाकलं की पत्र बरोबर दारात येतं. कुरिअरवाला कुरकुरला, "मावशी, हे नागपूर हाय." आईनं त्याला उडवून लावलं, पण तेव्हापासून तिच्या मनाला रुखरुख लागली होती.

म्हणूनच चौथ्या दिवशी मोबाईलवर "पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल थांबवले आहे" असा मेसेज आला, तेव्हा तिला शंका आलीच नाही. तिला वाटलं, बघ, चूक माझीच!

मी दुपारी घरी आले तर आई शिलाई मशीनपुढं बसून फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता.

"पावणं, पत्ता नीट सांगू का आता?"

"पत्ता नंतर, मॅडम. आधी लिंकवर पाच रुपये भरा. कार्डाचा नंबर टाकला ना? आता मी पाठवलेलं अ‍ॅप घ्या आणि परवानगी द्या."

पत्त्यासाठी अडलेल्या पार्सलवाल्याला पत्ताच नको होता! आणि कार्ड कुठल्या खात्याचं? ब्लाऊज शिवून शिवून आईनं ताईच्या बाळंतपणासाठी जमवलेल्या पैशांचं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही चांगल्या दवाखान्यात, हा तिचा हट्ट होता.

"आई, ठेव फोन! लूट आहे ही! गरिबाच्या घामावर—"

"गप की जरा! पावणं लायनीवर हायत आणि तू घरात सभा भरवायलीस?"

तिचंही बरोबर होतं. बाबा जन्मभर मोर्चांची पत्रकं वाटत आले, मी अक्षरं गिरवली तीही त्याच कागदांवर. माझी भाषणं ऐकून आईचे कान किटले होते. भाषणानं तिचं बोट हलणार नव्हतं आणि ते बोट 'परवानगी द्या'च्या अगदी वर होतं.

मी माझ्या फोनवरून ताईला कॉल लावला आणि तोही स्पीकरवर टाकला.

"ताई, चटणी आली का गं?"

"सकाळीच आली की! कुरिअरवाल्यानं फोन करून घर विचारलं. भाकरीसंगं खायला लागलोय. आईला सांग, यंदा झणझणीत झालीया!"

आईचं बोट तिथंच थांबलं. तिनं एकदा माझ्या फोनकडं बघितलं, एकदा स्वतःच्या. मग खाकरून म्हणाली, "पावणं, पार्सल कुठं अडलंय म्हणालासा?"

"तुमच्याच गावात, मॅडम. तुमच्या घरी यायचंय ना."

"आमच्या घरी? आवं, आमच्या घरातनं गेलंय ते! नागपूरला पोचून लेकीच्या पोटात पन गेलं! तुम्ही कुणाचं धरून बसलाय?"

फोन कट झाला. असा मेसेज ते हजारो लोकांना टाकतात. कुणी ना कुणी पार्सलची वाट बघतच असतं. त्याला आमच्या चटणीचा पत्ताच नव्हता!

पण कार्डाचा नंबर तर गेला होता. मी आईच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, उतरवलेलं अ‍ॅप काढून टाकलं. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधला नाही, तिथंही खोटे नंबर असतात. पासबुकावरचा घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. कार्ड बंद झालं. तरीही आम्ही स्कूटरवरून बँकेत गेलो. रांगेत आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनकडं बघत सांगितलं, "सगळे पैसे आहेत." आईनं डोळ्याला पदर लावला, आणि लगेच पुढच्या माणसाला सांगायला लागली.

गल्लीत परतेपर्यंत तिनं चार जणांना सांगितलं होतं. मला तर नाचावंसं वाटत होतं. तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या समोरच्या घरातल्या काकूंना तिनं शेजारी टेकून ही गोष्ट पार्सलवाल्याचा आवाज काढून सांगितली. काकू हसल्या नाहीत.

"मी दिली परवानगी," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या दिवाळीत. यांना अजून ठावं न्हाय. लाज वाटती."

"तुला कशाला लाज?" आई कट्ट्यावरनं उठलीच. "चोरानं लाजायचं का आपण? चल, सायबर पोलिसांत तक्रार करू."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "पैसे येतील व्हय?"

येतील, असं मी म्हणू शकले नाही. "उशीर झालाय, काकू. पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर जास्त आशा होती. पण तक्रार झाली तर तो नंबर बंद करता येतो. तुमच्यानंतरची एखादी बाई तरी वाचेल."

त्या पदर सावरत उठल्या. मग पासबुक आणायला घराकडं निघाल्या. आईनं पाठीमागून हाक दिली, "अगं, तो मेसेज पुसला न्हाईस न्हवं?"

काकू दारात वळल्या.

"हाय की. रोज काढून बघतो."