वालाच्या शेतातली चिचुंद्री

मालूच्या नवऱ्याला, हैबतरावाला, ऐन वालाच्या काढणीत ताप भरला. कोलाडच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं तसं त्याला रोह्याला हलवलं. तिथून तो घरी आला तो पांढऱ्या चादरीतच. ताप कसला होता, हे कुणालाच सांगता आलं नाही.

पुढच्या थंडीत रोहिणी नावाची मुलगी पत्र्याचे सापळे घेऊन गावात आली. कुठल्याशा प्रयोगशाळेतली. असा ताप गोचीड चावून येतो, आणि त्याचा विषाणू शेतातल्या कुठल्या बारक्या जनावराच्या रक्तात राहतो ते तिला शोधायचं होतं. "उंदीर धरायला सरकार मानसं धाडतंय!" म्हणून गाव हसलं. मालूने मात्र शेत, गोठा, सगळं मोकळं करून दिलं.

सुकटीच्या वासाने रात्रीत सापळे भरायचे. सकाळी रोहिणी हातमोजे घालून उंदरांचं, चिचुंद्र्यांचं रक्त काढायची, त्यांच्या कानांमागचे खसखशीएवढे गोचीड चिमट्याने वेचायची. मालू जवळच बांधावर बसून राहायची. वैरी हाती लागतोय, असं तिला वाटायचं. हैबतराव गेल्यापासून पहिल्यांदाच तिला पोटभर जेवण जाऊ लागलं.

शिमगा झाल्यावर रोहिणी पुन्हा आली. "मावशी, सापडलं. तुमच्या गोठ्यामागच्या चिचुंद्रीच्या रक्तात त्या विषाणूची खूण आहे."

"मंग आता औषद देशील ना गो बाय?"

रोहिणी म्हणाली, "औषध नाही मावशी. लसही नाही. अंगभर कपडे घाला, शेतातून आल्यावर अंग तपासा."

"आनि चिचुंद्र्या?"

"त्या मारून संपत नाहीत."

त्यानंतर रोहिणीचं काम बंद झालं. सापळेही गेले.

पुढच्या काढणीला मालूने सुनेला, नमिताला, मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालायला लावला. रोज संध्याकाळी ती स्वतः तिचं अंग तपासायची. तरी नमिता तापलीच. ह्या खेपेला मालूने डॉक्टरला तापाचं कारण सांगितलं. "असेल," तो म्हणाला, "पण उपचार तेच, सलाइन."

नमिता वाचली. हाडं तेवढी उरली. पेणहून तिचा बाप आला. "माझी पोर परत त्या शेतात नाय जायची," म्हणाला आणि तिला घेऊन गेला. मालूचा मुलगा साईराजही पेणलाच एका कंपनीत लागला. "आये, तू पन चल," तो फोनवर म्हणायचा.

"गुरांना वैरन कोन घालील?" एवढंच मालू म्हणायची आणि विळा घेऊन बांधावर गवत कापायला जायची. संध्याकाळी पाठीवर हात पोचत नसे. तिथलं अंग तपासायला आता घरात कुणी नव्हतं.