मीठ खाणारे जिवाणू

मंडळी, आज सकाळी आमच्या आंबागडात एक इस्त्रीच्या कपड्यातला विक्रेता आला. जीपच्या तापलेल्या बॉनेटवर बाटल्या मांडून म्हणाला, "यातले जिवाणू जमिनीतलं मीठ खाऊन टाकतात!"

बोअरच्या खाऱ्या पाण्याने आमचं उन्हाळी धान पिवळं पडलंय. त्यामुळे काकू लगेच बाटली घ्यायला निघाली.

माझं शिक्षण शेतीचंच. मी त्याला म्हटलं, "जिवाणू मीठ खात नाहीत. ते मुळांपाशी राहून रोपाला खारटपणा सोसायला मदत करतात, तेही जिवंत असले तर. तुम्ही तर त्यांना उन्हात उकडून काढलंत."

तो दात काढून हसला. "मॅडम, आमचे जिवाणू मेले तरी काम करतात!"

काकू जागीच थांबली. "मेलेले जिवाणू मीठ कसे खातेत रे? आमाले येडं समजून राहिला का?"

जमलेले सगळे हसले, तसा तो बाटल्या गोळा करून शेजारच्या नाकाडोंगरी गावाकडे पळाला.

असल्या भामट्यांची मला किळस येते. चांगले जिवाणू खरंच उपयोगाचे असतात, पण आता मी ते आणले तरी काकू शेतात टाकू देणार नाही.

नाकाडोंगरीवाल्यांनो, पोहोचला का तो तुमच्याकडे?