जनाबाईच्या हातची गोळी

पाचपावलीच्या कोष्टी मोहल्ल्यात जनाबाईचा लौकिक होता की तिच्या हातून काही चुकत नाही. नवरा शालिकराम मागावर लुगडी विणायचा, स्वभावानं भोळा सांब. बाजारहाट असो की औषधाची वेळ, सगळं तीच बघायची.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या कंबरेवर गजकर्ण पसरलं. दवाखान्यातून महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. सकाळी ती त्याला दुधासोबत गोळी द्यायची आणि तो पाजणीला निघायचा. रस्त्यावर ताणलेल्या सुताला कुंच्यानं खळ लावायची आणि ती वाळेस्तोवर उन्हात उभं राहायचं.

दहाव्या दिवशी त्याचं तोंड लालबुंद झालं, हातांवर फोड आले.

"माता आली वं जनाबाई," शेजारची बायजाबाई म्हणाली. "दवा बंद कर. मातेत दवा देत नाही."

अंधाऱ्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर त्याला निजवलं. बारा दिवसांत खपल्या पडल्या. जनाबाईनं मातेची ओटी भरली आणि, शहाणी बाई ती, खाडा भरून काढायला एकीच्या जागी दोन गोळ्या सुरू केल्या. शालिकराम पुन्हा पाजणीला गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड ओळखू येईना. बोटांची सालटं निघाली. माता कोपली म्हणत लोक दारातूनच परतू लागले. बोटंच गेली तर कोष्ट्यानं करायचं काय? जनाबाईनं रिक्षा आणवली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी शालिकरामचा सदरा उतरवला. छाती, पाठ साफ. हनुवटीखाली, कानांमागे काही नाही. मनगटावरचा गंडा सरकवला, तर खाली कातडी शाबूत.

"माता कपडे बघून येत नाही, बाई. हे उन्हानं जाळलंय. हा औषध कोणतं घेतो?"

तिनं पदराची गाठ सोडून पुडी दिली.

"माता आली म्हणालात, त्या बारा दिवसांत ह्या चालू होत्या?"

"नाही जी. फोड आले तशा बंद केल्या होत्या."

"आणि बरा झाल्यावर?"

"मीच देऊन राहिली होती. दोन दोन."

"आज?"

"आजबी दिल्या जी."

ह्या गोळ्यांमुळे एखाद्याच्या कातडीला ऊन सोसत नाही, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, बोटांचं आत्ताच सांगता येणार नाही. खाटेवर पडून शालिकराम सारं ऐकत होता.

नर्सनं नव्या गोळ्या जनाबाईच्या हातावर ठेवल्या. ती वाकली. "घ्या जी."

सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून त्यानं तिच्या तळहाताकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. जनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गोळ्या नर्सला परत दिल्या.

"तुम्हीच द्या, बाई."

शालिकरामनं तोंड उघडलं.