एकोणतीस दात

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. डायरीत लिहायचा प्रयत्न केला, तर दोन ओळींनंतर भलतंच काहीतरी लिहीत बसले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमेल कदाचित.

तीन वर्षांपूर्वी आमच्या डिझाइनच्या कोर्सचं शेवटचं प्रदर्शन सीताबर्डीतल्या एका हॉलमध्ये होतं. माझं काम म्हणजे तसर रेशमाचा एक लांब पट्टा, दोन्ही कडांना करवतीच्या दातांसारखी लाल करवती किनार. किनारीचे दात वर चढत जातात आणि मध्येच थांबतात. पुढे नुसतं कोरं कापड.

एक फोटोग्राफर बाई त्या कोऱ्या जागेसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी खांबाआड होते, तरी त्यांनी मला शोधलं. म्हणाल्या, "इथे थांबावंसं वाटतं. मुद्दाम सोडलंस ना हे?"

मी हो म्हणाले.

एवढंच? असं वाटेल तुम्हाला. पण हे खोटं दुसरं होतं. पहिलं आदल्या दिवशीचं — आणि ते तर मी बोललेही नव्हते.

पट्टा विणला होता मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाने. उमरेडला त्यांचा हातमाग आहे. त्यांनी फोनवर विचारलं होतं, दात किती ठेवू? माझ्या कागदावर पार टोकापर्यंत थर्टी-नाइन होते. मी इंग्रजी शाळेतली. मराठी आकडे वीसच्या पुढे अंदाजाने. तीस आणि वर नऊ — एकोणतीस. ठणकावून सांगितलं. मराठीत सांगितलं याचा थोडा अभिमानही वाटला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पट्टा घेऊन ते स्वतः बसने आले. मी उलगडला आणि म्हणाले, हे कमी आहेत, मी थर्टी-नाइन सांगितले होते. बाबांनी त्यांना समजावलं, "एकोणचाळीस म्हणते ती."

मोठेबाबांनी किनारीवरून बोट फिरवलं. "मले त एकोणतीसच ऐकू आलं वं. म्हटलं नवीन डिझाइन असन, काहून इचारा." मग हसले. "कान गेले वाटते माहे."

त्याच क्षणी मला कळलं. एकोणतीस म्हणजे काय, चूक कुणाची — सगळं. सांगायला किती वेळ लागला असता? मी पट्ट्याची घडी घातली.

त्यानंतर मोठेबाबा फोनवर काम घेईनासे झाले. आता कुणी माप सांगितलं की ते मोठीआईला हाक मारतात, "तू आयक वं, माह्यावर भरवसा नाही." चाळीस वर्षं विणणारा माणूस. सगळे हसतात. मीही हसले आहे त्यात.

आणि विचित्र हे, की त्या कोऱ्या जागेने मला बघायला शिकवलं. आधी मी चित्रात काय भरलंय तेवढंच बघायची. आता कुणाचा नवा फोटो, एखादं पोस्टर, गांधीबागेतल्या दुकानावरची हाताने रंगवलेली पाटी पाहते, तेव्हा विचारते — हे कुठे थांबलं, आणि का? नव्या लोकांची अशी कामं शोधून मी रोज एक माझ्या पेजवर टाकते. बरेच जण बघतात. माझी नजर चांगली आहे म्हणतात.

पुढच्या महिन्यात तो पट्टा पुन्हा एका प्रदर्शनात लागणार आहे. सोबतच्या चिठ्ठीवर मी लिहिलंय: विणकर म्हणून मोठेबाबांचं नाव, आणि खाली — दात एकोणतीस, विणकराने बरोबर ऐकले, आकडा मी चुकीचा सांगितला.

पण त्यांनी ते भिंतीवर वाचावं असं मला नकोय. रविवारी उमरेडला जातेय. मागाजवळ बसून सांगेन, त्यांच्या चांगल्या, शाबूत कानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग ते जे म्हणतील, ते म्हणतील.