आंबलेली टाकी

२४ एप्रिल २०२४, बुधवार. ऊन कडक, वारा नाही. सप्ताहाचा काला झाला. नळाला पाणी नाही, टँकर दुपारी आला. महाप्रसाद फार उरला, तो गॅसच्या टाकीत घातला. संध्याकाळी सिंधुबाई आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी रोज डायरी लिहायची सवय लावली, ती सुटली नाही. त्या दिवशी मी याहून जास्त लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलंय हे पुढे कळलं.

चौसाळ्यात आमच्या घरामागे ग्रामपंचायतीची गॅसची टाकी आहे. बाजारातला सडका भाजीपाला, हॉटेलांतलं उष्टं आणि शेण पाण्यात कालवून एका तोंडाने आत घालायचं. गॅस शेजारच्या अंगणवाडीच्या शेगडीला जातो. दुसऱ्या तोंडाने काळं, पातळ खत बाहेर येतं. भाजीने जमिनीतून जे ओढून घेतलेलं असतं, ते त्या काळ्या पाण्यात पुन्हा हाती लागतं. गावातल्या बायका ते ड्रम भरून कापसाला नेतात. तेवढीच विकतची पोती कमी लागतात.

ही टाकी सिंधुबाई सांभाळतात. माहेर आष्टीकडचं, सासर इथल्या बौद्धवाड्यातलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर, ज्ञानोबांबरोबर, त्या दसरा झाला की ऊसतोडीला जायच्या. मुलं फडात वाढली. ज्ञानोबांची कंबर गेली तेव्हा तोडणीची जोडी मोडली. मग टाकीचं हे काम मिळालं आणि पहिल्यांदा त्यांनी दिवाळी घरी केली. वास अंगाला चिकटतो, म्हणून त्या माझ्या ओट्यावर कधी वर येऊन बसत नाहीत. मी सांगून थकले.

काल्याच्या दिवशी बद्रीनाथ ट्रॅक्टर घेऊन आला. तो सप्ताह कमिटीचा पुढारी, माणूस वाईट नाही. प्रसाद उकिरड्यावर टाकता येत नाही, कोणाच्या पायाखाली येईल. टाकीत गेला तर शेताच्या कामी येईल, असं त्याचं म्हणणं होतं. ट्रॉलीत वरण, भात, बुंदी, सगळं पातेल्यांत भरलेलं. शिजलेलं अन्न टाकीला थोडंच चालतं, हे सिंधुबाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी मान हलवली. याच सप्ताहाच्या मंडपात त्यांच्या सासूला एके काळी पंगतीबाहेर बसवून वाढलं जायचं. आता प्रसाद दाराशी आलाय आणि आपण नको म्हणायचं, तर गावात त्याचा अर्थ काय होईल, हे त्यांनी मनात ताडलं असणार.

आठवडा झाला नाही तोच टाकी आंबली. गॅस पेटेना, खताला आंबूस घाण वास. बायका रिकामे ड्रम घेऊन परत गेल्या. तालुक्याच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं, पोट बिघडल्यासारखं आहे, आता काही घालू नका. थोडी चुन्याची निवळी द्या, चालू गोबरगॅसचं शेण आणून रोज जरा जरा सोडा, धीर धरा. ग्रामपंचायतीत मात्र कोणाला धीर नव्हता. पेरणीपर्यंत सुरू झाली नाही तर टाकी बुजवून तिथे गाळे काढायचे, असं ठरलं.

त्या दिवशी सिंधुबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"बाई, आता मला कोयता उचलवायचा न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मला या वयात ऐकून घेणं जमतं, बाकीचं जमत नाही.

मे महिनाभर त्या शेजारच्या वस्तीवरून शेणाच्या बादल्या वाहत होत्या. टँकरचं पाणी स्वतःच्या घरचं कमी करून टाकीला घालत होत्या. रोज सकाळी शेगडीला काडी लावायच्या आणि काडी विझायची. मी खिडकीतून बघायचं सोडून दिलं होतं. मग एका सकाळी ज्योत टिकली. तिच्यावर चहा ठेवला. उकळी येता येता ज्योत बारीक झाली आणि आम्ही तो कोमटच प्यायलो. पुढे हळूहळू खताचा वास निवळला, बायकांचे ड्रम भरू लागले.

आणि आज बद्रीनाथचा ट्रॅक्टर पुन्हा फाटकाशी. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. कीर्तन झालं, गावजेवण झालं, अन्न उरलं. मी काठी टेकत मागच्या दाराशी गेले.

सिंधुबाई टाकीच्या तोंडापुढे उभ्या होत्या. "अण्णा, टाकीला एकादशी हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, आज तीज हाय." तो हसला.

"तिची अजून सुटली न्हाई."

"कावून? तवा तर घेतलं की."

"तवा तुमच्या प्रसादाला नको कसं म्हणू, म्हणून घेतलं. नको म्हणले असते तर गावानं काय म्हणलं असतं, ते तुमाला बी ठावं हाय. टाकी मरायला टेकली. आता मनाला यील ते म्हणा, घेत न्हाई."

बद्रीनाथचं हसू गेलं. पातेल्याचं झाकण तो उगाच उघडत-लावत राहिला. मग त्याने विचारलं, त्या स्वतः जेवायला आल्या होत्या का. कोणी सांगावा दिला नव्हता, असं सिंधुबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. त्याने ड्रायव्हरला गाडी वस्त्यांकडे घ्यायला सांगितली, अन्न ताजं आहे तोवर वाटून टाकू म्हणाला. जाताना स्वतः उतरून भाताचं एक लहान पातेलं आणलं आणि टाकीपाशी न ठेवता माझ्या ओट्यावर ठेवलं.

"हे टाकीला न्हाई. तुमाला," सिंधुबाईंकडे न बघता तो म्हणाला.

ट्रॅक्टर गेल्यावर त्या हातपाय धुऊन ओट्यावर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. आम्ही दोघी फार दमलो होतो.

९ जून, रविवार. ढग आले, पाऊस नाही. रात्री स्वयंपाक केला नाही. श्राद्धाचा भात सिंधुबाईंनी आणि मी खाल्ला, उरलेला त्यांनी ज्ञानोबांसाठी नेला. पातेलं घासून पालथं घातलं, उद्या बद्रीनाथकडे पोचवायचं आहे.