हजेरीपटावरची पहिली मुलगी

जऊळक्याला आमचा मळा गावाला लागूनच होता. वांगी, मेथी, मिरची. पाऊसकाळाच्या तोंडाशी मास्तर घरोघर फिरून शाळेत घालण्याजोगी मुलं लिहून घेत. त्या वर्षी ते मळ्यात आले, माझ्या दोन्ही भावांची नावं लिहिली आणि वही मिटली.

आई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं विचारलं, "मास्तर, पोरीचं नाव काहून लिवलं नाही?"

मास्तर म्हणाले, लिहायला हरकत नाही, पण या गावात मुलीला पाठवतं कोण?

"मी पाठवतो," आई म्हणाली.

मास्तरांनी वही पुन्हा उघडली. माझी जन्मतारीख कोणाला ठाऊक नव्हती. विहिरीला पाणी लागलं त्या साली झाली, एवढं आईनं सांगितलं. मास्तरांनी अंदाजानं तारीख घातली. तीच मला आजवर पुरली आहे.

शाळेत पाटलांची मुलं पुढं, आम्हा माळ्यांची मागं. महारांची दोन मुलं ओसरीवर बसत. तेव्हा ते कोणाला खटकत नसे, मलाही नाही. मला कुठं बसवावं हे मास्तरांना सुचेना. शेवटी त्यांनी माझं बसायचं पोतं आपल्या खुर्चीशेजारी टाकलं. त्यामुळं एक झालं, फळा मला सगळ्यांत जवळून दिसे.

थंडीत एके दुपारी पाटलीणबाई मळ्यात आल्या. आईला वाटलं, भाजीला आल्या. त्यांनी पदराआडून बहिणीचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या घरात वाचणारे पुरुष पुष्कळ होते. "पण बायकांच्या गोष्टी माणसाइले कायले दाखवू?" त्या म्हणाल्या.

अक्षर बाळबोध होतं म्हणून जमलं. अडखळत, बोट ठेवून मी सगळं वाचलं. बहिणीला पुन्हा दिवस गेले होते आणि तिला माहेरी यायचं होतं. पाटलीणबाईंनी तेवढी ओळ दोनदा वाचून घेतली. मग डोळे पुसले आणि हसल्या.

आठवड्याभरात त्यांची मुलगी शाळेत आली. पाटलांनी आधी नाही म्हटलं होतं, असं तिनंच मला सांगितलं. ती सतरंजी घेऊन आली होती. पोतं मला टोचत असेल म्हणून तिनं मला सतरंजीवर ओढून घेतलं. मास्तरांनी आम्हा दोघींची नावं एका दमात पुकारली, आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "हजर!"