बॅटरीचा नंबर

बाळांनो, शेवंतीने भरलेला आपला ट्रक त्या दिवशी केडगावला दारातच अडला. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज व्हायचा. फुलं दुपारपर्यंत बाजारात पोचली नसती, तर कोमेजून वाया गेली असती.

वरवंडहून एक इलेक्ट्रिशियन आला. आल्याआल्या त्याने ट्रकमधली आपली नवी बॅटरी काढली आणि मोटारसायकलवरून आणलेली स्वतःची लावली. हा अदलाबदल करणार, असं वाटून मी आपल्या बॅटरीचा नंबर वहीत उतरवून घेतला. त्याने ते पाहिलं.

त्याच्या बॅटरीवरही 'टक्'च झालं. मग तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा, तसा पालथा हात त्याने वायरींच्या एकेका जोडाला लावला. चेसिसच्या लोखंडी सांगाड्यावरच्या अर्थिंगच्या जोडापाशी तो थबकला.

"हितं गरम लागतंय. आत गंज हाय."

त्याने जोड घासून आवळला, ट्रकची बॅटरी परत बसवली, आणि ट्रक सुरू झाला.

निघताना तो म्हणाला, "आजी, नंबर ताडून बघा. संशय वाईट न्हाई, मी बी एकेका जोडावर घेतो; माझं पोट त्याच्यावरच चालतंय."

त्याची मोटारसायकल वळणाआड गेल्यावर मी निघालेला ट्रक थांबवून खरंच नंबर ताडला. जुळला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. नंबर मात्र अजून पाठ आहे.